बदलीचा खर्च मिळतो, घराचा नाही

प्रतिनिधी

मंद्रूप (ता. दक्षिण सोलापूर) : सीना आणि भीमा या दोन नद्यांच्या दरम्यान, सोलापूर-विजयपूर महामार्गावर वसलेल्या मंद्रूपमध्ये पोलीस ठाणे आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, अपर तहसील कार्यालय आहे, शाळा आणि बँकाही आहेत. साहजिकच येथे बदलून येणाऱ्या आणि येथून बदलून जाणाऱ्या कर्मचाऱ्यांची ये-जा सतत चालू असते. एप्रिल-मे महिने उजाडले की बदल्यांच्या याद्यांची चर्चा सुरू होते आणि तिच्या पाठोपाठ आणखी एक प्रश्न उभा राहतो. कर्ज काढून बांधलेल्या घराचे काय करायचे? ते विकले, तर विक्रीला लागणारा खर्च शासन देते काय?

या प्रश्नाचे थेट उत्तर 'नाही' असे आहे. केंद्र शासन किंवा महाराष्ट्र शासन यांच्या बदली प्रवास भत्त्याच्या नियमांत राहत्या घराच्या विक्रीच्या किंवा नव्या घराच्या खरेदीच्या खर्चाची प्रतिपूर्ती करणारी तरतूद नाही. कर्मचाऱ्याचा प्रवास, कुटुंबाचा प्रवास, घरसामानाची वाहतूक आणि स्थलांतरासाठी ठरावीक अनुदान, एवढ्यावर शासनाची जबाबदारी संपते. दलाली, सोसायटीचे हस्तांतरण शुल्क, मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि कर हे सर्व कर्मचाऱ्याच्या खिशातून जाते. म्हणूनच बदलीच्या वेळी घर विकण्याचा निर्णय घेण्यापूर्वी काय मिळते, काय मिळत नाही आणि कोणत्या अटी पाळाव्या लागतात, हे समजून घेणे आवश्यक आहे.

बदलीचा कायदा काय सांगतो?

राज्य शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या 'महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५' या कायद्यान्वये होतात. एका पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा मानला जातो. मंत्रालयाबाहेरील गट-क कर्मचाऱ्यास त्याच कार्यालयात असे दोन कालावधी, म्हणजे सहा वर्षे मिळू शकतात. सर्वसाधारण बदल्या एप्रिल किंवा मे महिन्यातच कराव्यात, इतर वेळी करावयाच्या झाल्यास कारणे लेखी नोंदवून वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी, असेही या कायद्यात नमूद आहे.

पोलिसांसाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियमात वेगळे कालावधी आहेत. पोलीस शिपाई संवर्गास एका ठिकाणी पाच वर्षे, तर उपनिरीक्षक ते निरीक्षक या अधिकाऱ्यांना एका ठाण्यात दोन, एका जिल्ह्यात चार आणि एका परिक्षेत्रात आठ वर्षे असा सर्वसाधारण कालावधी आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या मात्र ग्रामविकास विभागाच्या स्वतंत्र शासन निर्णयांप्रमाणे होतात.

हे आकडे घराच्या दृष्टीने पाहिले तर अडचण चटकन लक्षात येते. गृहकर्जाची मुदत बहुधा पंधरा ते वीस वर्षांची असते आणि पदाचा कालावधी तीन ते सहा वर्षांचा. एका गृहकर्जाच्या मुदतीत कर्मचाऱ्याच्या तीन-चार बदल्या सहज होतात. आदेश मे महिन्यात हाती पडतो, जूनमध्ये शाळा सुरू होतात. घराचा ग्राहक मिळून, बँकेचा बोजा उतरून खरेदीखत होण्यास मात्र कित्येक महिने लागतात.

केंद्राच्या नियमांत काय मिळते?

सोलापुरात रेल्वे, टपाल, प्राप्तिकर अशा केंद्रीय कार्यालयांचे कर्मचारी मोठ्या संख्येने आहेत. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशींनंतर केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जुलै २०१७ मध्ये काढलेल्या आदेशाने केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी पुढीलप्रमाणे तरतुदी ठरवल्या.

संमिश्र बदली अनुदान : जुन्या ठिकाणापासून २० किलोमीटरपेक्षा अधिक अंतरावर बदली झाल्यास शेवटच्या महिन्याच्या मूळ वेतनाच्या ८० टक्के रक्कम. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप येथील बदलीसाठी १०० टक्के. अंतर २० किलोमीटरपेक्षा कमी असेल किंवा बदली त्याच शहरात असेल, तर प्रत्यक्ष घर बदलावे लागल्यासच अनुदानाच्या एक तृतीयांश रक्कम. पाचव्या वेतन आयोगानंतर १९९७ मध्ये हे अनुदान एक महिन्याच्या मूळ वेतनाइतके होते.

घरसामानाची वाहतूक : वेतनस्तर ६ आणि त्यावरील कर्मचाऱ्यांना ६,००० किलोपर्यंत, स्तर ५ ला ३,००० किलोपर्यंत, तर स्तर ४ आणि त्याखाली १,५०० किलोपर्यंत सामान नेता येते. रस्त्याने नेल्यास प्रतिकिलोमीटर अनुक्रमे ५०, २५ आणि १५ रुपये ही मूळ कमाल मर्यादा. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढल्यास हे दर २५ टक्क्यांनी वाढतील, अशी तरतूद त्याच आदेशात आहे. केंद्राचा महागाई भत्ता जानेवारी २०२४ मध्ये ५० टक्क्यांवर पोहोचला होता.

कुटुंबाचा प्रवास : कुटुंब कर्मचाऱ्याच्या आधी एक महिन्यापर्यंत किंवा नंतर सहा महिन्यांपर्यंत गेले, तरी भाडे मिळते. मुलांची परीक्षा, आजारपण अशा कारणांसाठी ही सवलत उपयोगी पडते.

पदग्रहण अवधी : १९७९ च्या केंद्रीय नियमांनुसार एक हजार किलोमीटरपर्यंत १० दिवस, दोन हजार किलोमीटरपर्यंत १२ दिवस आणि त्यापुढे १५ दिवस.

देयकाची मुदत : मार्च २०१८ च्या आदेशाने बदली प्रवास भत्त्याचे देयक सादर करण्याची मुदत एक वर्षावरून ६० दिवसांवर आणण्यात आली. ही मुदत चुकल्याने रक्कम गमावण्याची वेळ येऊ शकते.

राज्य कर्मचाऱ्यांना हे केंद्रीय दर आपोआप लागू होत नाहीत. त्यांच्यासाठी मुंबई नागरी सेवा नियम, १९५९ मधील प्रवास भत्त्याच्या तरतुदी आणि वित्त विभागाचे वेळोवेळीचे शासन निर्णय लागू असतात. वेतनानुसार दर वेगळे असले, तरी प्रवास आणि सामान हीच चौकट तेथेही आहे. घराच्या व्यवहाराचे शीर्ष तेथेही नाही.

एक गोष्ट दोन्हीकडे समान आहे. कर्मचाऱ्याने स्वतः विनंती करून बदली मागितली असेल, तर बदली प्रवास भत्ता आणि पदग्रहण अवधी सर्वसाधारणपणे अनुज्ञेय नसतो. आदेशात 'प्रशासकीय कारणास्तव' असे लिहिले आहे की 'विनंतीनुसार', हे कर्मचाऱ्याने प्रथम वाचावे. आदेशातील या एका शब्दावर संपूर्ण देयक अवलंबून असते.

घर विकण्यास किती खर्च येतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, ५६,१०० रुपये मूळ वेतन असलेल्या एका केंद्रीय अधिकाऱ्याची सोलापुरातून ५०० किलोमीटरवर बदली झाली. त्यास संमिश्र अनुदानापोटी ४४,८८० रुपये आणि मूळ दराने सामान वाहतुकीपोटी जास्तीत जास्त २५,००० रुपये, असे मिळून ६९,८८० रुपये मिळतील. प्रवासभाडे वेगळे.

आता त्याने सोलापुरातील सदनिका ४० लाख रुपयांस विकली आणि नव्या शहरात तेवढ्याच किमतीची घेतली, असे मानू. दोन टक्के दराने विक्रीची दलाली ८०,००० रुपये होईल. गृहनिर्माण सोसायटीचे हस्तांतरण अधिमूल्य महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांपर्यंत घेता येते. ही कमाल मर्यादा ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाने ठरवलेली आहे. नव्या घरासाठी सहा टक्के दराने मुद्रांक शुल्क व अधिभार धरला तर २,४०,००० रुपये, नोंदणी फी ३०,००० रुपये आणि पुन्हा दलाली ८०,००० रुपये. बेरीज ४,५५,००० रुपये होते. या रकमेपैकी एक रुपयाही बदलीच्या देयकात दाखवता येत नाही. मुद्रांकाचे दर क्षेत्रानुसार आणि दलाली व्यवहारानुसार बदलते, हे खरे. परंतु खर्चाचे प्रमाण यावरून लक्षात यावे.

एका बाबतीत मात्र दिलासा आहे. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड बँकांनी आकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे घर विकून कर्ज फेडणाऱ्यावरील एक भार तरी कमी झाला.

विकण्यापूर्वी कार्यालयास कळवा

खासगी नोकरदार आपले घर कोणासही न विचारता विकू शकतो. शासकीय कर्मचाऱ्यास तसे करता येत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील नियम १९ नुसार स्थावर मालमत्ता खरेदी करण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी विहित प्राधिकाऱ्यास त्याची माहिती द्यावी लागते. ज्याच्याशी कर्मचाऱ्याचा शासकीय कामानिमित्त संबंध येतो, अशा व्यक्तीबरोबर व्यवहार असल्यास पूर्वमंजुरी आवश्यक असते. घर पत्नीच्या किंवा पतीच्या नावावर असले, तरी या नियमाकडे दुर्लक्ष करता येत नाही. बदलीच्या घाईत हे पत्र द्यायचे राहून जाते आणि पुढे विभागीय चौकशीत तेच कारण ठरते. कार्यमुक्त होण्यापूर्वीच हे पत्र देऊन पोच घेणे श्रेयस्कर.

शासनाकडून घरबांधणी अग्रिम घेतले असल्यास घर शासनाकडे गहाण असते. उर्वरित मुद्दल आणि व्याज भरून गहाणमुक्ती झाल्याशिवाय विक्री करता येत नाही.

कराचा हिशेब

बदली प्रवास भत्त्यापैकी प्रत्यक्ष खर्च झालेली रक्कम प्राप्तिकरातून मुक्त असते. घराच्या विक्रीवरील नफा मात्र करपात्र ठरतो. दोन वर्षांच्या आत घर विकल्यास तो अल्पकालीन भांडवली नफा समजला जातो आणि त्यावर नेहमीच्या दराने कर लागतो. दोन वर्षांनंतर विकल्यास २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के दर लागू झाला. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकासह २० टक्के हा पर्यायही देण्यात आला.

१९६१ च्या कायद्यात कलम ५४ म्हणून परिचित असलेली सवलत येथे महत्त्वाची ठरते. विक्रीपूर्वी एक वर्षात किंवा विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरे घर घेतल्यास, अथवा तीन वर्षांत बांधल्यास, गुंतवलेल्या नफ्यावर कर लागत नाही. प्राप्तिकर कायदा, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदललेले असल्याने विवरणपत्र भरताना सल्लागाराकडून क्रमांक तपासून घ्यावा.

आणखी एक बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही. जुन्या करप्रणालीत गृहकर्जाच्या मुद्दलावर वजावट घेतली असेल आणि ताबा मिळालेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत घर विकले, तर आधी घेतलेली वजावट विक्रीच्या वर्षात उत्पन्न म्हणून मोजली जाते. तीन वर्षांनी बदली होणाऱ्या कर्मचाऱ्यास हा नियम थेट लागू पडतो. घर मोडावे लागण्याचे कारण शासनाची बदली हेच असले, तरी त्यात सूट नाही.

करकायद्याने बदलीची दखल एका ठिकाणी मात्र घेतली. नोकरीमुळे अन्यत्र राहावे लागल्याने स्वतःचे घर रिकामे राहिल्यास त्याचे वार्षिक मूल्य शून्य धरण्याची तरतूद १९६१ च्या कायद्यात होती. २०२५ च्या वित्त कायद्याने कारणाची अट काढून दोन घरांपर्यंत ही सवलत सरसकट दिली. घर न विकता ठेवणाऱ्याच्या पदरात एवढे तरी पडते.

अमेरिकेत ४० लाखांवर ४ लाखांची मर्यादा

घराच्या विक्रीचा खर्च सरकारने द्यावा, ही कल्पना अव्यवहार्य नाही. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने १९६६ च्या कायद्याने बदली झालेल्या कर्मचाऱ्यास जुने घर विकण्याचा आणि नवे घर घेण्याचा खर्च देण्यास प्रारंभ केला. विक्रीसाठी प्रत्यक्ष विक्री किमतीच्या १० टक्क्यांपर्यंत आणि खरेदीसाठी किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत प्रत्यक्ष झालेला खर्च मिळतो. दलाली, कायदेशीर फी, दस्तऐवजांचा खर्च यांचा त्यात समावेश असतो.

अटीही कडक आहेत. बदली सरकारच्या हितासाठी असावी लागते. किमान बारा महिने सेवेत राहण्याचा करार करावा लागतो. घर कर्मचाऱ्याच्या किंवा त्याच्या निकटच्या कुटुंबीयाच्या नावावर असावे आणि बदलीची सूचना मिळाली तेव्हा तो तेथूनच कामावर जात असावा. व्यवहार एका वर्षात पूर्ण करावा लागतो, सबळ कारण असल्यास आणखी एक वर्ष मिळू शकते. बाजारभाव पडल्यामुळे झालेले नुकसान मात्र सरकार भरून देत नाही. वरील उदाहरणातील ४० लाखांच्या घराला हे प्रमाण लावले, तर विक्रीसाठी चार लाख आणि खरेदीसाठी दोन लाख रुपयांची मर्यादा मिळाली असती.

आपल्याकडे ही कल्पना का रुजली नाही, याचे उत्तर नियमांच्या जन्मात सापडते. केंद्राचे मूलभूत नियम १ जानेवारी १९२२ पासून अमलात आले. त्या काळचा अधिकारी सरकारी बंगल्यात राहत असे, तर कनिष्ठ कर्मचाऱ्याचे घर मूळ गावी असे. बदलीच्या गावी स्वतःचे घर असेल, ही शक्यताच नियमकर्त्यांपुढे नव्हती. हलवायचे ते माणसे आणि सामान. पुढे बँकांचे गृहकर्ज सर्वसामान्य झाले, पुरेशी शासकीय निवासस्थाने झाली नाहीत आणि घरभाडे भत्ता घेऊन कर्मचारी स्वतःच्या घराचे हप्ते भरू लागले. नियमांची चौकट मात्र जुनीच राहिली.

मंद्रूपला याचा भुर्दंड कसा?

घराचा हा खर्च कोणीच देत नसल्याने कर्मचारी तो टाळण्याचा मार्ग शोधतो. तो घर विकत नाही आणि कुटुंबही हलवत नाही. सोलापूर ते मंद्रूप हे अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचे आहे. सोलापुरात घर असलेला कर्मचारी मंद्रूपला बदलून आला, तर तो मोटारसायकलने किंवा एसटीने ये-जा करणेच पसंत करतो. दूरच्या तालुक्यात बदली झाली, तर एकटा खोली घेऊन राहतो आणि शनिवारी घर गाठतो.

यात भत्त्याचाही एक पेच आहे. घरभाडे भत्ता कर्मचारी राहतो त्या गावाप्रमाणे नव्हे, तर त्याच्या कार्यालयाच्या ठिकाणाप्रमाणे ठरतो. सोलापूर शहर 'वाय' वर्गात, तर मंद्रूपसारखी गावे 'झेड' वर्गात मोडतात. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत 'वाय' वर्गाचा दर १६ टक्के, तर 'झेड' वर्गाचा ८ टक्के ठरला. महागाई भत्त्याबरोबर हे दर वाढवण्याची तरतूद असली, तरी दोहोंतील प्रमाण निम्म्याचेच राहते. म्हणजे सोलापुरातील घराचा हप्ता तेवढाच राहतो, पेट्रोलचा खर्च वाढतो आणि भत्ता निम्म्यावर येतो.

ग्रामस्थांची बाजूही तितकीच रास्त आहे. रात्री रुग्णालयात अत्यवस्थ रुग्ण आला, पुराच्या दिवसांत सीनेचे किंवा भीमेचे पाणी चढले, तर कर्मचारी मुख्यालयी हवा, ही अपेक्षा चुकीची कशी म्हणता येईल? मुख्यालयी राहत असल्याबद्दल ग्रामसभेचा ठराव घेण्याचे निर्देश ग्रामविकास विभागाने सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने दिले होते. त्यातून वाद वाढले, कागदोपत्री वास्तव्य दाखवले जात असल्याच्या तक्रारीही झाल्या. ठरावाच्या कागदाने घर हलत नाही. घर हलवण्याचा खर्च आणि गावात राहण्याजोगी निवासस्थाने, या दोन्ही गोष्टींची तरतूद झाल्याशिवाय मुख्यालयाचा नियम कागदावरच राहण्याची शक्यता अधिक.

काय करता येईल?

अमेरिकेइतकी तरतूद राज्याच्या तिजोरीस परवडेल काय, हा वादाचा विषय आहे. कर्मचाऱ्यांची संख्या आणि बदल्यांचे प्रमाण पाहता सरसकट प्रतिपूर्ती कठीणच. तथापि काही मर्यादित उपाय शक्य आहेत. प्रशासकीय बदलीमुळे एक घर विकून ठरावीक मुदतीत दुसरे घेणाऱ्यास मुद्रांक शुल्कात एकदाच सवलत देता येईल. विशिष्ट कारणासाठी अशी सवलत देण्याचे पायंडे राज्यात आहेत. कोरोनाच्या काळात सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये तीन टक्के आणि जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये दोन टक्के शुल्क कमी करण्यात आले होते. महिला खरेदीदारांना एप्रिल २०२१ पासून एक टक्क्याची सवलत देण्यात आली. पाच वर्षांच्या आत घर विकल्यास वजावट परत करावी लागण्याच्या नियमातून सक्तीच्या बदलीचे प्रकरण वगळता येईल. ग्रामीण भागात निवासस्थाने बांधणे हा उपाय तर सर्वांनाच मान्य आहे.

तोपर्यंत बदली झालेल्या कर्मचाऱ्याने काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आदेशातील बदलीचे कारण तपासावे. अंतराचा दाखला, भाड्याच्या पावत्या आणि वाहतूकदाराचे बिल जपून ठेवावे. देयक मुदतीत सादर करावे. घर विकायचे असल्यास विभागास आधी कळवावे, ताबा मिळाल्याची तारीख आणि पाच वर्षांचा हिशेब पाहावा. विकणे परवडत नसेल, तर घर भाड्याने देता येते. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, याचा विसर पडू नये.

बदली हा शासकीय सेवेचा अविभाज्य भाग आहे, हे सेवेत येताना प्रत्येकाने मान्य केलेले असते. मात्र बदलीच्या आदेशाने केवळ माणूस आणि त्याचे सामान हलत नाही, त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठी गुंतवणूकही डळमळीत होते. नियमांनी या गोष्टीची दखल घेतली, तर लाभ एकट्या कर्मचाऱ्याचा होणार नाही. मंद्रूपसारख्या गावांना संध्याकाळनंतरही गावातच असणारे कर्मचारी मिळतील.